कबुलीनंतरचे आसन

न्यायालयात गुन्हा कबूल करूनही जो लोकप्रतिनिधी पद सोडण्यास नकार देतो, त्याला निर्लज्ज ठरवून विषय संपवणे सोपे असते. परंतु अशा नकारामागे बहुधा एक युक्तिवाद असतो, आणि तो प्रायश्चित्ताच्या कल्पनेशी ताडून पाहण्याजोगा असतो. न्यू यॉर्कमधील स्टॅटन आयलंडचे तत्कालीन काँग्रेस-सदस्य मायकेल ग्रिम हे त्याचे बोलके उदाहरण होय. २०१० साली निवडून येण्यापूर्वी मॅनहॅटनमधील एका उपाहारगृहाच्या व्यवसायात विक्रीचे उत्पन्न व कामगारांचे वेतन लपवल्याच्या प्रकरणात एप्रिल २०१४ मध्ये त्यांच्यावर २० आरोप ठेवण्यात आले. त्यांनी ते नाकारले, नोव्हेंबरात निवडणूक जिंकली, आणि २३ डिसेंबरला खोटे करविवरण तयार करण्यास साहाय्य केल्याचा एक गुन्हा मान्य केला. राजीनामा मात्र देणार नाही, असे त्यांनी त्याच दिवशी सांगितले.

भारतात २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर दोन वा अधिक वर्षांची शिक्षा झालेल्या सदस्याची जागा कायदाच रिकामी करतो. अमेरिकेत मात्र गुन्हा सिद्ध झाल्याने सदस्यत्व आपोआप जात नाही, हकालपट्टीसाठी सभागृहाचे दोन-तृतीयांश बहुमत लागते, आणि म्हणून तेथे निर्णयाचा भार प्रथम त्या व्यक्तीच्या विवेकावर येतो. अशा वेळी दोन समर्थने पुढे येतात. गुन्हा पदग्रहणापूर्वीचा व खाजगी होता, हे पहिले. करविषयक कायदे करणाऱ्या सभागृहात बसणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही, एवढे म्हणणे पुरे. दुसरे अधिक वजनदार आहे: आरोप ठाऊक असूनही मतदारांनी निवडून दिले, तेव्हा दोषाची क्षमा झालीच.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांमध्ये ख्यापन, म्हणजे आपला दोष लोकांसमोर सांगणे, आणि अनुताप, म्हणजे पश्चात्ताप, यांची गणना तप व अध्ययन यांच्याबरोबर केलेली आहे. एकट्या ख्यापनाने सुटका होते असे तेथे अभिप्रेत नाही, आणि चोरीच्या प्रायश्चित्तात चोरलेली वस्तू परत करणेही येते. (एका गुन्ह्याच्या कबुलीच्या बदल्यात उरलेले आरोप सोडून दिले जातात, तेव्हा त्या कबुलीत अनुताप किती आणि हिशेब किती, हे ठरवणे अवघडच.) जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्राने प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले असून त्यांतील आलोचन म्हणजे गुरूपुढे दोष निवेदन करणे ही केवळ पहिली पायरी आहे, पुढे येणारा छेद म्हणजे साधूच्या दीक्षाकाळातून काही अवधी कापून त्याची ज्येष्ठता कमी करणे. दोषाचा परिणाम मानाच्या स्थानावर झाला पाहिजे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

प्रस्तुत प्रश्नाला सर्वांत नेमका प्रकाश मात्र बौद्ध विनयातून, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांतून मिळतो. त्यातील निस्सग्गिय पाचित्तिय या वर्गातील ३० नियमांनुसार, गैररीतीने जवळ ठेवलेली वस्तू भिक्षूने आधी सोडायची असते आणि मग दोष कबूल करायचा असतो. दहा दिवसांहून अधिक काळ बाळगलेले जादा चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, अशा रीतीने सोडल्यावर संघ ते त्यालाच परत देतो, परंतु ते आता संघाने दिलेले असते, त्याने राखून ठेवलेले नसते. पैसा असेल तर तो मात्र परत मिळत नाही. येथे त्याग हा शिक्षेहून वेगळा ठरतो: तो निर्णयाचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती परत देतो.

या कसोटीवर क्षमेचा युक्तिवाद टिकत नाही, कारण नोव्हेंबरातील मतदारांनी ज्याला निवडले तो निर्दोष असल्याचे सांगणारा उमेदवार होता, आणि दोष नाकारणाऱ्याला दिलेले मत दोष मान्य करणाऱ्याला लागू पडत नाही. क्षमा करायची तर आधी काय क्षम्य मानायचे ते समोर यावे लागते. पद सोडून, कबुलीसह पुन्हा मतदारांपुढे उभे राहण्याचा मार्ग ग्रिम यांना मोकळा होता. त्यांनी नकारानंतर आठवडाभरात राजीनामा जाहीर केला व ५ जानेवारी २०१५ रोजी जागा सोडली, पण मे महिन्यातील पोटनिवडणुकीला ते उभे राहिले नाहीत, तीत डॅन डोनोव्हन निवडून आले, आणि जुलैत ग्रिम यांना आठ महिन्यांची कैद सुनावण्यात आली. कबुलीनंतर ते त्या जागेसाठी प्रथम मतदारांपुढे गेले २०१८ साली, रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत. तेथे डोनोव्हन यांनी त्यांचा पराभव केला.