शिकायचे कुणावर?

केशकर्तनालयात नवा पोऱ्या कामाला लागला की पहिली कात्री तो कुणाच्या डोक्यावर चालवतो, याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे काय? दुकानाचा मालक वकीलसाहेबांना त्याच्या हाती देत नाही. कोपऱ्यावरचा हमाल, खेड्यातून बाजाराला आलेला एखादा म्हातारा, फार तर मालकाचा स्वतःचा धाकटा भाऊ, असली डोकी त्याच्या वाट्याला येतात. पुढे वकीलसाहेबांचा भांग हाच पोऱ्या सुबक पाडतो. परंतु त्या सुबकपणाची किंमत कुण्या हमालाने आधीच भरून ठेवलेली असते. डॉक्टरांचे तरी निराळे काय आहे? सुई टोचायला शिकणारा कोवळा डॉक्टर धर्मार्थ वॉर्डातच भेटतो. स्वतंत्र खोलीतल्या रोग्याला मोठ्या डॉक्टरांचा सरावलेला हात लाभतो.

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडला नाही. एका जीपगाडीच्या पोटाखाली उताणा पडलो असताना पडला.

जीप मामांची. वय साठाच्या घरात. विलीज जीपगाड्यांची जुळणी महिंद्रांनी १९४९ साली मुंबईत सुरू केली, आणि पुढे कलेक्टरपासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत साऱ्यांनी त्या गाड्यांतून महाराष्ट्राची धूळ उडवली. त्याच गोतावळ्यातली ही. पुढचे गिअर तीन, मागचा एक. वयोमानाप्रमाणे तिला एक खोड जडली होती. उतारावर दुसरा गिअर आपणहून निसटे. सपाटीवर ही खोड गमतीची वाटते. वाईजवळच्या पसरणी घाटात ती गमतीची राहत नाही. उतरणीला गाडीला मागे खेचून धरते ते इंजिन, आणि इंजिनाचा हात चाकांपर्यंत पोचतो तो गिअरमधून. गिअर निसटला की तो हात सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर सतत दाबलेले जुन्या घडणीचे ब्रेक तापून पकड सोडू लागतात. तेव्हा गिअरबॉक्स दुरुस्त करणे म्हणजे रिकाम्या वेळेची करमणूक नव्हती. मामा, मामी आणि सुट्टीत मागे दाटीवाटीने बसणारी नातवंडे यांचा जीव त्या पेटीवर होता. आणि मी तर जन्मात पाना धरलेला नव्हता!

मग हे काम माझ्याकडे आले कसे? तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्री आहेत. हयात असल्या पेट्या उघडण्यात गेली. आता डोळ्यांनी अधू झाले. मुलगे दुसऱ्या धंद्यात. मला म्हणाले, "साहेब, हात तुमचे, डोकं माझं. बसा शिकायला." मी बसलो खरा, पण महिनाभर त्यांनी मला मामांच्या गाडीला हात लावू दिला नाही. भंगारातून तसलीच एक मेलेली पेटी आणवली. ती उघडायची, सारे भाग रॉकेलने धुवायचे, ओळीने मांडायचे, पुन्हा जोडायचे. झाले की पुन्हा उघडायची.

मला त्या वेळी सुश्रुताची आठवण झाली. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या सरावासाठी एक सबंध अध्याय दिला आहे. चिरण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी असल्या फळांवर. खरवडण्याचा केसाळ ताणलेल्या कातड्यावर. शीर टोचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर. शिकाऊ हाताची किंमत जिवंत माणसाने भरू नये, ही काळजी इतकी जुनी आहे! भंगारातली पेटी हा माझा कोहळाच होता.

परंतु कोहळ्याला रक्त येत नाही, आणि भंगारातली पेटी घाट उतरत नाही. सराव कितीही करा, एक दिवस पहिला खरा रोगी समोर येतोच. कुणीतरी पहिला असणारच. ते टाळण्याची युक्ती सुश्रुतालाही सापडलेली नाही.

पेटीतली एक जागा तर अशी आहे की तिथे कारागिराच्या सचोटीला साक्षीदारच नाही. तळाशी एका दांड्यावर दातेरी चाकांचा एकसंध गठ्ठा फिरतो. दांडा आणि गठ्ठा यांच्यामध्ये बारीक पोलादी कांड्या सुट्या बसवलेल्या असतात. त्या ग्रीसने चिकटवायच्या. खऱ्या दांड्याऐवजी तेवढ्याच जाडीचा, पण आखूड लाकडी दांडा आत घालून त्यांना धरून ठेवायचे. मग गठ्ठा पेटीत उतरवायचा आणि एका बाजूने खरा दांडा सारताना लाकडी दांडा दुसऱ्या बाजूने बाहेर पडू द्यायचा. यात एखादी कांडी गळली तरी झाकण तितकेच नीट बसते. मिस्त्रींना दिसत नाही, मामांना कळत नाही. मी कांड्या आधी मोजून कागदावर आकडा लिहिला, बसवताना मोठ्याने मोजल्या, आणि मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले.

मला सर्वांत भावली ती पितळेची कडी. गिअर खरखर न करता पडावा म्हणून ही योजना प्रथम १९२८च्या कॅडिलॅक गाडीत आली. आमच्या जीपला ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरपुरतीच आहे. पहिल्या गिअरसाठी गाडी थांबवावी हे बरे. दोन चाके निरनिराळ्या वेगाने फिरत असताना दात्यांत दाते घातले तर ठिणग्या उडायच्या. म्हणून आधी ही कडी चाकाच्या निमुळत्या अंगावर दाबली जाते. तिच्या आतल्या बारीक रेघा तेलाचा थर कापतात, ती घासते, दोहोंचा वेग सारखा होतो, मग दाते गुपचूप जुळतात. पितळ पोलादापेक्षा मऊ, तेव्हा झिजायचे ते कडीने, असे आखणाऱ्याने आधीच ठरवलेले. (गंधकयुक्त मसाल्याची काही तेले या पितळेला खातात, दुकानदार "भारी" म्हणून देतो ते तेल भारी असतेच असे नाही.)

कडीला विचारावे लागत नाही. माणसाला विचारावे लागते, आणि आपण नेमके तेच टाळतो असे मला वाटते. नवशिक्याने माणसावर शिकू नये असे म्हटले तर उद्या ना डॉक्टर उरेल ना मिस्त्री. अन्याय शिकण्यात नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला निवडण्यात आहे, आणि निवडून त्याला न सांगण्यात आहे. किंमत भरण्याची दुसरी रीतही मी पाहिली. ते मिस्त्री स्वतः नऊ वर्षांचे असताना गॅरेजात लागले. चार वर्षे नुसते नटबोल्ट धुतले. गिऱ्हाइकाच्या गाडीचे त्यांनी काही बिघडवले नाही, कारण सारी किंमत त्यांच्या बालपणाने चुकती केली. या रीतीला लोक शिस्त म्हणतात. मला तो शब्द वापरवत नाही.

दुसऱ्या गिअरचे दाते झिजून निमुळते झाले होते, त्याला जागी धरणारी स्प्रिंग दमली होती. दोन्ही बदलले, कड्याही नव्या घातल्या. मग मी मामांना स्पष्ट सांगितले : ही मी जोडलेली पहिलीच खरी पेटी, घाटात आधी मी एकटा जाऊन येतो. मामांनी ऐकून घेतले. सुपारी कातरून झाल्यावर म्हणाले, "मुलं घरी राहू देत. मी येतो." दोन्ही गोष्टी त्यांच्या त्यांनी ठरवल्या.

पसरणीच्या उतरणीला गिअर निसटला नाही. मिस्त्रींना सांगितले तर त्यांना त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. म्हणाले, पाचशे मैल होऊ द्या, मग तेल काढून काचेच्या भांड्यात धरा उन्हात. पितळेची चमक किती उतरते ते पाहू. अजून तीनशेच झाले आहेत.