आईचे वकीलपत्र

आईबापांच्या हातून मुलाची हेळसांड होत असेल, तर ते मूल त्यांच्यापासून काढून घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा की नाही, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. मारहाण आणि उपासमार यांतून लेकराला सोडविण्यासाठी कोणाला तरी परक्या घराची कडी वाजवावीच लागते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जिच्यावर असा आरोप आला त्या आईच्या बाजूने उभे राहणे हे मुलाच्या हिताआड येणे होय काय?

इंग्लंडने या प्रश्नाला कायद्यातच उत्तर दिले आहे. तेथील १९८९ च्या बालकविषयक कायद्याप्रमाणे, मुलाला गंभीर अपाय होत आहे किंवा होण्याचा संभव आहे आणि त्याचे मूळ त्याच्या संगोपनात आहे, असे सिद्ध झाल्यावाचून न्यायालय मुलाला स्थानिक प्रशासनाच्या स्वाधीन करू शकत नाही. अशा दाव्यात प्रशासनाचा वकील असतो, मुलाचा स्वतंत्र असतो, आणि आईबापांनाही मिळकतीची चौकशी न करता सार्वजनिक खर्चाने वकील मिळतो. ज्यांच्यावर ठपका आहे त्यांच्यासाठी करदात्यांनी पैसा का मोजावा, असे कोणी विचारील. विचारणे गैर नाही.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००२ साली निकालात काढलेले इंग्लंडमधीलच एक प्रकरण येथे आठवते. आधीच्या अपत्याच्या बाबतीत अमेरिकेत दोषी ठरलेल्या एका स्त्रीचे नवजात बालक जन्मानंतर लगेच काढून घेण्यात आले. पुढे सुनावणीच्या वेळी, तिच्या अपेक्षा अवाजवी आहेत असे सांगून तिचे वकील बाजूला झाले. नवा वकील मिळेपर्यंत खटला तहकूब झाला नाही आणि तिने एकटीने तो लढविला. ताब्याचा हुकूम झाला. आठवड्याभरात मूल दत्तक देण्यास मोकळे करणारा दुसरा हुकूमही झाला. न्याय्य सुनावणीचा आणि कौटुंबिक जीवनाचा तिचा हक्क डावलला गेला, असे युरोपीय न्यायालयाने ठरविले. वकील असता तर मूल तिला परत मिळाले असते, असे मात्र त्या न्यायालयाने म्हटले नाही.

मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हेच. निकाल कदाचित तोच लागला असता. तरीही न ऐकता लागलेला निकाल त्या मुलाच्याही दृष्टीने कच्चा राहतो. मोठेपणी ते विचारील, माझ्या आईची बाजू कोणी मांडली होती काय? आणखी असे की, अशा दाव्यातली आई बहुधा शांत, गोड स्वभावाची नसतेच. मूल गेलेली बाई चिडते, खोटे बोलते, वकिलावरच उलटते. अशा अशिलाजवळ टिकून राहणे, तिच्याविरुद्ध लिहिलेली पानेच्या पाने तिला समजेल अशा भाषेत उलगडणे, आणि "त्या माणसाला घरात ठेवलेस तर मूल परत येणार नाही" हे वेळेवर सांगणे, यात तिच्या वकिलाची करुणा दिसते. २०१४ पासून तेथे असे दावे सामान्यतः २६ आठवड्यांत संपवावयाचे असतात. खोट्या आशेत घालविण्याइतका अवधी तिच्यापाशी नसतो.

आपल्याकडे हे काम २०१५ च्या बालन्याय कायद्याने बाल कल्याण समितीकडे दिले आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, हे तत्त्व त्या कायद्यात आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. परंतु समितीपुढे आलेल्या मजूर बाईला हे ठाऊक असण्याचा संभव किती? परभाषेच्या कचेरीत उभे राहिल्यावर जिभेची काय अवस्था होते, हे महाराष्ट्राबाहेर संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको.

आवाक्याबाहेरच्या कारणांमुळे मूल समितीकडे सोपविणाऱ्या आईला समुपदेशन आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत हाच कायदा देतो. कागदावर अंगठा उठवताना त्या मुदतीचा अर्थ तिला उमगला नसेल आणि त्या दिवसांत तिच्याकडे कोणी फिरकलेही नसेल, तर दोन महिने उलटल्यावर कायद्याच्या दृष्टीने सारे यथासांग पार पडलेले असते.