मात्रेतली मोजणी

‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही,’ असं आपण सहज बोलून जातो. हट्टी मुलाबद्दल, वाकड्यात शिरलेल्या भाऊबंदाबद्दल, कुणालाच न जुमानणाऱ्या पुढाऱ्याबद्दल. उलट एखादा उपाय फळला की म्हणतो, ‘मात्रा बरोबर लागू पडली.’ या बोलण्यात मात्रेला शक्तीचा, धाकाचा, थोडा जादूचाही वास आहे. मूळ शब्द पाहावा तर त्याचा अर्थ अगदी साधा: माप. माप या अर्थाचा शब्द जादूच्या औषधापर्यंत कसा पोचला, याचा विचार करताना मला आपल्या एका जुन्या सवयीचा पत्ता लागला.

संस्कृतातला ‘मा’ धातू मोजण्याचा. मान, परिमाण, प्रमाण, अनुमान ही सगळी त्याचीच प्रजा. मात्रा आधी उच्चाराचा काळ मोजत होती. ऱ्हस्व स्वराची एक, दीर्घाची दोन, प्लुताची तीन. पाणिनीय शिक्षेने तर हे माप पाखरांच्या गळ्यातून घेतलं आहे: चाष एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगसाचा आवाज अर्ध्या मात्रेचा. पुढे छंदशास्त्राने मात्रावृत्तं बांधली. तबल्याने त्रितालाला सोळा मात्रा दिल्या, झपतालाला दहा. शाळेत ‘के’ लिहिताना आपण डोक्यावर मात्रा दिली. आणि ‘लेशमात्र’, ‘क्षणमात्र’ म्हणताना ‘एवढंच, याहून जास्त नाही’ अशी मर्यादा सांगितली. शब्द कुठेही गेला तरी मोजणी सोडत नव्हता.

वैद्यकातही तो असाच आला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायाचं नावच ‘मात्राशितीय’. माणसाने मापात जेवावं, हा त्याचा आरंभीचा विषय. वैद्याची युक्ती मात्रा आणि काळ या दोहोंवर उभी असते, असं चरक सांगतो. तीक्ष्ण विषसुद्धा नीट योजलं तर उत्तम औषध होतं, आणि उत्तम औषध वाईट योजलं तर विष होतं, हेही त्याचंच म्हणणं. इथवर मात्रा म्हणजे औषधाचं प्रमाण होतं. औषध वेगळं, मात्रा वेगळी.

मग रसशास्त्र आलं. पारा, गंधक, सोनं, तांबं यांची औषधं होऊ लागली. पारा आणि गंधक खलात घोटून घोटून काळीभोर कज्जली करायची, धातूंना पुटं देऊन भस्म करायचं. काढा पेलाभर घेतला तरी चालतो. इथे हिशेब गुंजेचा, म्हणजे साधारण सव्वाशे मिलिग्रॅमचा, आणि कधी त्याहूनही कमी. मला वाटतं, शब्दाने कूस बदलली ती इथेच. ज्या औषधात मापाला इतकं महत्त्व, त्याला मराठी घरांनी मापाचंच नाव दिलं. वैद्य प्रमाण सांगे ती मात्रा, आणि डबीत जपून ठेवलेला तो कठीण खडाही मात्राच.

या मात्रांमध्ये सर्वांत मोठा मान हेमगर्भाचा. हेम म्हणजे सोनं. पारा, गंधक, सोनं यांचं मिश्रण रेशमी कापडात बांधून वितळलेल्या गंधकात शिजवायचं. होते ती सुपारीसारखी टणक पोटली. अखेरची घटका आली की ती सहाणेवर उगाळून मधातून चाटवत. मुलगा परगावाहून पोचेपर्यंत तरी श्वास टिकावा, मनातलं शेवटचं बोलता यावं, एवढीच घरच्यांची आशा असे. म्हणून हेमगर्भाची मात्रा हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला पुढचं कळायचं.

मरणाच्या उंबऱ्यावर क्षणभर थांबवणाऱ्या या वस्तूभोवती जादूचं वलय आलं, यात नवल नाही. ते शब्दालाही चिकटलं. मात्रा रुग्णावर चालायची, ती आता माणसांवर चालू लागली. या प्रवासात गळून पडली ती मात्र मोजणीच. ‘माझी मात्रा चालेल’ म्हणणारा आपलं बळ सांगतो. किती आणि कधी, हे सांगत नाही.

ही विसरलेली गोष्ट निव्वळ भाषेची असती तर मी एवढा अस्वस्थ झालो नसतो. २००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध झाली. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. चमत्काराचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आवर घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. तरीही ‘हमखास गुण’ हे शब्द ऐकले की आपला हात खिशाकडे जातो. किती घ्यायचं, किती दिवस, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारायचं राहून जातं. मापाच्या शब्दातून माप काढून घेतलं की उरतो तो फक्त भरवसा, आणि आंधळा भरवसा पाऱ्याइतकाच जड असतो.

धाकट्या बहिणीसाठी आजी बाळगुटी उगाळायची, ते मला आठवतं. ओल्या सहाणेवर हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, वेखंड एकेक करून फिरायचं आणि तिचे ओठ हलत असायचे. लहानपणी मला वाटे, ती मंत्र म्हणते आहे. जवळ जाऊन कान दिला तेव्हा कळलं, ती वेढे मोजत होती. मुरडशेंगेचे दोन, हळकुंडाचे दोन, वेखंडाचा एकच. मध्येच कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, तर ती सहाण धुऊन टाकायची आणि पहिल्यापासून उगाळायला बसायची.