पेटी आणि छप्पर

आज घाई नको. सर्व्हरसमोर बसा, श्वास सावकाश होऊ द्या. कंटेनर घ्यायचा की व्हर्च्युअल मशीन, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि आधी बडोद्यातली एक लाकडी पेटी मनासमोर आणू.

1910 साली सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. पुढे संस्थानात फिरती ग्रंथालयं सुरू झाली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगावी जाऊ लागल्या. मला ही योजना फार मोठ्या मनाची वाटते. ती पेटी उघडून बघा. आत पुस्तकं आहेत. छप्पर, उजेड, बसायची जागा मात्र गावाची. म्हणूनच ती चटकन पुढच्या गावी जाऊ शकते. आणि म्हणूनच, छप्पर गळलं तर तीही भिजते.

कंटेनर असाच असतो. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली तो सोबत आणतो; कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मात्र यजमान यंत्राचंच वापरतो. हे नुसतं मानू नका, बघा. कंटेनरमध्ये शिरून प्रोसेसची यादी मागवा. आत डेटाबेस चालत असेल तर तो तिथे बहुधा पहिल्या क्रमांकावर असेल, जणू सगळं यंत्र त्याचंच. बाहेर येऊन यजमानावर तीच यादी मागवा. तोच डेटाबेस वेगळ्याच क्रमांकाने, इतर शेकडो प्रोसेसमध्ये उभा आहे. इथे जरा थांबा. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. आतून काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतात. किती मेमरी, किती प्रोसेसर वापरावा हे 2008 मध्ये कर्नेलमध्ये आलेले सीग्रुप ठरवतात. निराळं यंत्र कुठेच उभं राहिलेलं नाही.

आता लिनक्समधल्या केव्हीएमवरचं व्हर्च्युअल मशीन पाहा. यजमानाच्या यादीत क्यूएमूची, म्हणजे यंत्राची नक्कल उभी करणाऱ्या प्रोग्रामची, एकच प्रोसेस दिसते. आत कर्नेल स्वतंत्र, त्यामुळे विंडोजही चालेल, जुनं लिनक्सही. त्यासाठी मेमरी जास्त लागते, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम वर्षानुवर्षं अद्ययावत ठेवावी लागते. हे शेवटचं ओझं सहसा कुणी हिशेबात धरत नाही. मला तेच सर्वांत जड वाटतं.

आतला कोड बाहेर निसटेल अशी भीती मनात उठली असेल तर तिच्याकडेही नीट बघा. 2019 मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसीत असा दोष सापडला की आतला घातक कोड यजमानावर रूटचा ताबा मिळवू शकत होता. पण त्याआधी 2015 मध्ये व्हेनम नावाचा दोष उघडकीला आला होता. क्यूएमूतल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत, जी फारसं कुणी वापरतही नव्हतं, तो दोष 2004 पासून पडून होता आणि त्यातून व्हर्च्युअल मशीनबाहेर पडता येत होतं. व्हर्च्युअल मशीनमधून सुटणं जास्त अवघड, हे खरंच. अशक्य मात्र नाही.

आता बाजूला ठेवलेला प्रश्न हातात घ्या, पण थोडा बदलून: या एका कर्नेलवर कुणाला कुणाशेजारी बसवायला मी तयार आहे?

समजा, बडोद्यातल्याच एखाद्या महाविद्यालयाचा सर्व्हर आहे. ग्रंथालयाची सूची आणि वेळापत्रक तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच सांभाळता. ते खुशाल कंटेनरमध्ये राहू द्या. विद्यार्थ्यांनी पाठवलेला, कुणीच न वाचलेला कोड चालवायचा असेल तर त्याला वेगळं व्हर्च्युअल मशीन द्या, आणि त्याच्या आत हवे तेवढे कंटेनर. निकालांच्या नोंदी त्या मशीनवर अजिबात नकोत. उरलेल्या सेवांची नावं अशीच एकेक करून घ्या.