जन्ममहिना आणि गुणवत्ता

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. तो पाळणा वर्षाच्या कोणत्या महिन्यात हलला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. शिक्षणशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी हा प्रश्न चिकाटीने विचारला आहे. त्यांच्या हाती जे आले ते आईवडिलांनी, शिक्षकांनी आणि न्यायान्यायाचा विचार करणाऱ्या कोणाही माणसाने नजरेआड करू नये असे आहे.

उदाहरणादाखल इंग्लंडकडे पाहू, कारण तेथे रेषा स्वच्छ आखलेली आहे. तेथील शालेय वर्षाची गणना १ सप्टेंबरपासून होते. त्या दिवशी जन्मलेले मूल आपल्या वर्गात सर्वांत थोरले, आणि पुढच्या ३१ ऑगस्टला जन्मलेले सर्वांत धाकटे. दोघे एकाच बाकावर बसतात, एकाच दिवशी एकच प्रश्नपत्रिका सोडवितात. पण दोघांच्या वयात जवळजवळ पूर्ण वर्षाचे अंतर असते. पाचव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा! विसाव्या वर्षी तेच अंतर विसावा हिस्सा होते. म्हणजे काळाच्या ओघात हा फरक आपोआप विरून जायला हवा.

तो कमी होतो, पण पुरता विरत नाही. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सोळाव्या वर्षाच्या शालान्त परीक्षेत पाच विषयांत चांगली श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ऑगस्टच्या मुलांत शेकडा सहाहून थोडे अधिक कमी होते. शाळा संपताच विद्यापीठात जाणाऱ्यांत हे अंतर शेकडा दोनच्या आसपास होते. शेकडा दोन हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु साऱ्या देशाच्या हिशेबात ती दरवर्षी हजारोंच्या घरातील मुले होत, आणि त्यांचा दोष एवढाच की ती उन्हाळ्याच्या अखेरीस जन्माला आली. अमेरिका व कॅनडा येथील आकडेवारीवरून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही वर्गातील धाकटी मुले विद्यापीठापर्यंत कमी प्रमाणात पोहोचतात, असेच आढळले.

हे घडते कसे? मुख्य कारण साधे आहे. परीक्षेच्या दिवशी धाकटे मूल खरोखरच लहान असते. पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. धाकट्याला अक्षर गिरवायला वेळ लागतो. शिक्षक त्याला मंद मुलांच्या गटात बसवितात. घरी शेजारच्या मुलाशी तुलना होते. इंग्लंडच्या या अभ्यासकांना ऑगस्टच्या मुलांचा स्वतःच्या बुद्धीवरील विश्वासही कमी आढळला. वयाची उणीव काळ भरून काढतो. ‘मला येत नाही’ ही समजूत मात्र वयाबरोबर आपोआप जात नाही.

आता या कथेतील चमत्कारिक वळण पाहा. जी धाकटी मुले विद्यापीठाच्या दारातून आत शिरतात, त्यांचे पुढे काय होते? १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पदवी-निकालांच्या एका अभ्यासात, वर्गातील धाकटे विद्यार्थी पदवी परीक्षेत थोरल्यांपेक्षा किंचित सरस ठरलेले दिसले. मिलानच्या बोक्कोनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांविषयी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. अभ्यासकांनी त्याची निरनिराळी कारणे सुचविली आहेत: धाकट्यांची चाळणी अधिक बारीक झालेली असते, त्यांना कष्टाची सवय जडलेली असते, मित्रमंडळींत त्यांचा वेळ कमी जातो.

हे ऐकून कोणी समाधानाने म्हणेल, “पाहा, अडचणींनी मूल घडते!” मला हे समाधान खोटे वाटते. ज्यांना ठेच लागली आणि जे उठून चालले, त्यांचीच ही मोजदाद आहे. जे दारापाशी पोहोचलेच नाहीत त्यांच्यासाठी या तक्त्यात रकाना नाही. उलट, आत गेलेली धाकटी मुले सरस ठरतात याचा अर्थ, दारावरचे गुण त्यांची योग्यता कमी दाखवीत होते. मग थोड्या गुणांनी बाहेर राहिलेल्यांतही तितक्याच योग्यतेची मुले असणार.

संत थॉमस अक्वायनस यांनी वितरणाच्या न्यायाची चर्चा करताना पक्षपाताचे स्वरूप सांगितले आहे, आणि त्यासाठी दृष्टान्त अध्यापकाच्या पदाचाच घेतला आहे. विद्येसाठी एखाद्याला ते पद दिले तर तो न्याय. तो अमुक एक आहे म्हणून दिले तर तो पक्षपात. जन्ममहिना हे कारण दुसऱ्या प्रकारचे, हे उघड आहे. पण येथे पक्षपात करणारा कोणी दिसत नाही. प्रत्येक परीक्षक प्रामाणिक असतो. म्हणून आपण त्याला नशीब म्हणून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, जन्माचा दिवस नशिबाचा असेल, परंतु १ सप्टेंबरची रेषा माणसांनी आखली आहे, आणि तिचे परिणाम ठाऊक झाल्यावर ते निस्तरण्याचे उत्तरदायित्वही माणसांचेच.

रेषा पुसता येणार नाही. ती सरकविली तर दुसरा कोणी धाकटा होईल. काही पालक मुलाला एक वर्ष मागे ठेवतात. त्याने त्यांच्या मुलाची अडचण शेजारच्या मुलाकडे जाते, इतकेच. त्यापेक्षा इंग्लंडमधील अकराव्या वर्षीच्या निवड-परीक्षेत रूढ असलेला उपाय मला अधिक योग्य वाटतो. तेथे गुणांची मांडणी वयाचा हिशेब करून करतात. पण हा हिशेब कोठवर चालवायचा? वैद्यकाच्या अंतिम परीक्षेत तो मला मान्य नाही; रुग्णाला शल्यविशारदाच्या जन्ममहिन्याशी कर्तव्य नसते. जेथे गुण मुलाची कुवत ओळखण्यासाठी वापरतात तेथे वय पाहावे, जेथे ते दुसऱ्याच्या सेवेची हमी देतात तेथे पाहू नये. विद्यापीठाचा प्रवेश या दोहोंच्या सीमेवर आहे, आणि तेथे मला अद्याप ठाम उत्तर सापडलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाला एक गमतीची बाजू आहे. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांची तारीख गुरुजी १ जून अशी लिहीत, त्यामुळे कागदोपत्री त्या दिवशी जन्मलेल्यांना आपल्याकडे तोटा नाही. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-वहीत खरी तारीख असे, ती शाळेच्या दाखल्यावर असेलच असे नाही. शासनाने २०२० साली प्रवेशाच्या वयासाठी ३१ डिसेंबर ही मर्यादा ठरविली. म्हणजे नाताळच्या सुमारास जन्मलेली आपली मुले वर्गात सर्वांत धाकटी ठरू शकतात. आणि आपली वृत्ती इंग्रज पालकांच्या उलट. वर्ष वाया जाऊ नये म्हणून आपण लेकराला लवकर शाळेत घालतो, आणि पहिल्याच प्रगतिपुस्तकावर त्याची बुद्धी ठरवून टाकतो. त्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी मुलाचे वय वर्षे व महिने यांत छापायला एक ओळ पुरेल; जन्मतारीख तर शाळेच्या रजिस्टरात असतेच.