शेळीच्या दाढेची साक्ष

दोह्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिंडत असता एका सुविद्य स्नेह्यांनी सहज उद्गार काढले की, ज्यांनी एक ओळही लिहून ठेवली नाही त्या भटक्या अरब बदूंना इतिहास कसला! हे वाक्य मला सलत राहिले. इतिहास दफ्तरात असतो हा समज पेशवे दफ्तराच्या अभिमानामुळे आपल्यातही खोल रुजला आहे; परंतु दफ्तर लिहिणाऱ्याला काही सांगावयाचे आणि काही झाकावयाचे असते, उलट अस्सल साक्ष पुष्कळदा ज्याला काहीच सांगावयाचे नसते त्याच्याकडून मिळते.

उत्खननात सापडणारी शेळीची दाढ ही अशी साक्षीदार आहे. तिचे दंतवल्क माथ्याकडून मुळाकडे काही महिने थराथराने घडते आणि एकदा घडले की बदलत नाही. म्हणून त्यावर वरून खाली ओळीने बारीक आडवे चरे पाडून काढलेली चिमूटभर भुकटी त्या जनावराच्या कोवळ्या वयातले ऋतू क्रमाने उलगडते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पाण्याचा, कार्बनचे चाऱ्याचा आणि स्ट्रॉन्शियमचे पायाखालच्या खडकाचा पत्ता देते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टवरून कर्नाटकातल्या ग्रॅनाइटी मुलखात उतरणारा धनगराचा कळप या कसोटीवर ओळखू यावा.

कतारमध्ये मात्र हा साक्षीदार अडखळतो. द्वीपकल्प बहुतांशी चुनखडीचे, त्यामुळे खडकांत फारसा भेद नाही. शिवाय पाणी विहिरींचे. अठराव्या शतकातल्या झुबारा बंदरालाही गोडे पाणी आतल्या मुरैर किल्ल्याच्या विहिरींतून आणावे लागे. खोल पाणी ऋतूंप्रमाणे बदलत नाही, तेव्हा ऑक्सिजनची रेषा सपाट निघाली तर शेळी एका जागी राहिली की विहिरीविहिरींवरून फिरली, हे दाढ एकटी सांगू शकत नाही. आजच्या जनावरांशी ताडून पाहावे, तर ती आयात चारा खातात आणि समुद्राचे निक्षारित पाणी पितात.

मग उरतो तो कागदच. १९५९ साली डॅनिश मानवशास्त्रज्ञ क्लाउस फर्डिनांड यांनी अल-नईम व अल-मुर्रा टोळ्यांत राहून त्यांच्या जीवनाची जी टिपणे केली, त्यांसारख्या नोंदींवाचून दाढेची जबानी अपुरी राहते. मूक साक्षीदाराची बाजू घेऊन निघालेला मी दफ्तराच्याच दाराशी पोचलो आहे, आणि त्याचा मला विषाद नाही. कारण दफ्तर दाढेवाचून पक्षपाती आणि दाढ दफ्तरावाचून संदिग्ध. बालपणी कळप हाकलेली माणसे अद्याप हयात आहेत. त्यांच्याकडून विहिरींची नावे, चराईच्या वाटा आणि मुक्कामाचे महिने आजच टिपून घ्यावेत, आणि हेच काम आपल्या धनगरवाड्यांतही विनाविलंब सुरू व्हावे.