वर्गणी आणि जागा

पावसाळा सरल्यावर एका रविवारी आमच्या किनाऱ्यावरील काही महाविद्यालयीन मुलामुलींनी निर्वासितांसाठी वर्गणी गोळा केली. त्यांतील कुणी अलिबागला शिकणारे, तर कुणी पुण्यामुंबईच्या वसतिगृहांतून सुट्टीला घरी आलेले. मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्यांनी मेज मांडले, हाउझीचे डाव लावले आणि दुपारी पावतीपुस्तक घेऊन ती घरोघर फिरली. कोळीवाड्यालगत राहणाऱ्या एका आजींनी बटव्यातून दहा रुपये काढून दिले, पावती नको म्हणाल्या आणि सहज विचारले, "ती माणसं उतरणार कुठं? आपल्या आळीत येणार का?" मुलांनी सांगितले, "तसं नाही आजी, पैसे दूर पाठवायचे आहेत; तिथली संस्था पुढचं बघेल." आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ती इथं येऊ नयेत म्हणून देतोय का आपण?"

त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. त्यांना खरेच समजून घ्यायचे होते. मुले हसत हसत परतली, पण संध्याकाळी पैसे मोजताना त्यांच्यापैकी एकीने तो प्रश्न पुन्हा काढला आणि तेव्हापासून तो आमच्याही मनातून जात नाही. आपण देतो ती मदत असते, की परक्याला हातभर दूर ठेवण्याचे मोल असते?

पैशाला कमी लेखण्याची चूक मात्र येथे होऊ नये. उपाशी माणसाला तत्त्वचिंतन नको, भाकरी हवी. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, तेव्हा पत्रांवर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे सक्तीचे झाले होते. आमच्यातील वडीलधाऱ्यांना ते तिकीट अजून आठवते. मुलीच्या खुशालीचे पत्र असो वा लग्नाचे निमंत्रण, ते पोस्टात पडले की बंगालच्या सरहद्दीवरील छावणीत पाच पैसे पोहोचत. त्यातून कितीतरी तोंडी अन्न गेले, यात शंका नाही. पण ज्याच्या नावाने ते तिकीट आपण चिकटवले, त्याचे तोंड आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिले नाही. तो दोष आपला नव्हता, सरहद्द दूर होती. आजींचा प्रश्न त्या अंतरापलीकडचा आहे: अंतर नसते तर आपण काय केले असते?

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. फार प्राचीन काळी तेथे एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, असे बेने इस्रायल समाज परंपरेने सांगत आला आहे. इतिहासकार त्या काळाविषयी एकमत नाहीत, आणि आपल्याला त्या वादात पडण्याचे कारणही नाही. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. त्यांच्यापाशी उरले ते पाठ असलेले थोडे प्रार्थनेचे शब्द, सुंतेचा विधी, शनिवारची विश्रांती आणि खवले नसलेला मासा न खाण्याचा नियम. कोळंबी आणि खेकडा यांवाचून ज्या किनाऱ्याचे जेवण होत नाही, त्या किनाऱ्यावर हा नियम! तरी तो शतकानुशतके टिकला. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले. गावाने त्यांना नाव दिले, 'शनिवार तेली'.

या नावापाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. दुकान बंद ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक सहसा शिव्या घालते. येथे गावाने त्या बंद दिवसावरूनच माणसांची ओळख ठरवली. दिव्याला तेल हवे तर ते शुक्रवारीच आणून ठेवावे लागत असणार. म्हणजे परक्याच्या विश्रांतीसाठी यजमानाने आपल्या आठवड्याची घडी किंचित बदलली. कुणी सभा भरवून हे ठरवले नसेल, कुणी वर्गणीही काढली नसेल. पुढे त्या लोकांनी गावांची नावेच आडनावे म्हणून घेतली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर. अलिबागेत १८४८ साली त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले, त्या आळीला आजही इस्रायल आळी म्हणतात. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथे साठीच्या दशकाच्या आरंभी विवाहाच्या निमित्ताने त्यांच्या वंशाची चौकशी होऊ लागली. त्यांना दाद मागावी लागली, आणि ते सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असा निर्वाळा तेथील संसदेने १९६४ साली दिला. ज्या किनाऱ्याने त्यांना परके म्हणून आत घेतले, त्याने ते ज्यू असल्याचा पुरावा मागितला नव्हता; ज्या देशात ते आपले म्हणून गेले, तेथे तो मागितला गेला.

पण येथे आपलीच पाठ थोपटून घेणे सोपे आहे आणि ते खोटे ठरेल. या किनाऱ्याने त्यांना जागा दिली, पंगत दिली नाही. जातींच्या उतरंडीत एक पायरी मोकळी करून त्यांना तेथे बसवले, आणि उतरंडीची सवय अशी की खुद्द त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद मुरला. आम्हां ख्रिस्ती लोकांनाही हा अनुभव परका नाही. १७४० साली पोर्तुगिजांनी चौल सोडले, मराठ्यांचा अंमल आला, आणि राज्यकर्त्यांचा धर्म मानणारी, पण राज्यकर्त्यांच्या जहाजांत जागा नसलेली साधी माणसे मागे राहिली. कोर्लईच्या गडाखाली त्यांची वस्ती आजही आहे, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची बोली अजून घराघरांत बोलली जाते. नव्या राजवटीत त्यांना कुणी हुसकावले नाही. हे लहान उपकार नव्हेत. परंतु राहू देणे आणि आपल्यात घेणे यांतील अंतर आमच्या पूर्वजांनी सोसले आहे, मग ते आपण इतके सहज कसे विसरतो?

परक्याला आपल्यासारखे करून घेतले म्हणजे स्वागत झाले, असा आणखी एक समज असतो. त्याच्या उलट उदाहरण कोल्हापूरजवळ वळिवड्याला घडले. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हद्दपार केलेली पोलंडची सुमारे पाच हजार माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात तेथील छावणीत राहिली. ती बहुतांशी कॅथलिक होती. त्यांना तेथे स्वतःचे चर्च मिळाले, स्वतःच्या भाषेतील शाळा मिळाल्या, मुलांची स्काउट पथके मिळाली. परत जायचे गाव नकाशावर दुसऱ्याच देशात गेलेले असताना, निदान आपल्या भाषेत रडण्याची सोय त्यांना होती. ती माणसे गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक त्याच बराकींत राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच. एकाच छपराखाली एकामागून एक दोन देशांचे दुःख राहिले, हा योगायोग आम्हांला नेहमी अस्वस्थ करतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये युरोपातील धर्मग्रामांना आवाहन केले, तेही याच अंगाने विचार करण्याजोगे आहे. त्यांनी ठरावीक रक्कम मागितली नाही. प्रत्येक धर्मग्रामाने एक कुटुंब घ्यावे, असे ते म्हणाले. एक कुटुंब म्हणजे एक स्वयंपाकघर, शाळेत जाणारी दोन पोरे, रात्री खोकणारा एक म्हातारा. त्याला मनीऑर्डर पुरत नाही, शेजार लागतो. मत्तयच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचे जे चित्र आहे, त्यातही परक्याला आत घेतले का, हे विचारले जाते. त्याच्यासाठी किती जमवले, हा हिशेब तेथे दिसत नाही.

विद्यार्थ्यांनी हे कसे करावे, याचा एक नमुना कॅनडात आहे. वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा या संस्थेच्या योजनेत १९७८ पासून तेथील विद्यार्थी निर्वासित तरुणांना आपल्या महाविद्यालयात आणतात. अनेक ठिकाणी ते मतदान घेऊन स्वतःच्या फीवर थोडे डॉलर वाढवून घेतात. पण आम्हांला त्याहून पुढचा भाग मोलाचा वाटतो. विमानतळावर घ्यायला तेच जातात. थंडीचा कोट कुठे मिळतो, बँकेत खाते कसे उघडायचे, हे तेच दाखवतात. आलेला मुलगा त्यांच्याच वर्गात बसतो, त्यांच्यासारखाच परीक्षेला घाबरतो. वर्षभराने तो त्यांचा आश्रित राहत नाही, कदाचित त्यांच्यापेक्षा अधिक गुण मिळवून त्यांना चिडवतोही.

आपल्याकडे असे निर्वासित कुठे आहेत, असे कुणी म्हणेल. मुलांच्या त्या बैठकीत हाच मुद्दा निघाला. तेव्हा पुण्यात शिकलेली एक मुलगी बराच वेळ गप्प होती, ती बोलू लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यात शेकडो अफगाण विद्यार्थी शिकत होते. कुणाचे घरून येणारे पैसे थांबले, कुणाच्या व्हिसाची मुदत संपत आली. तिच्या वर्गात असा एक मुलगा होता. "आम्ही त्याला रोज विचारायचो, तिकडे काय चाललंय, घरचे सुखरूप आहेत ना. आम्हांला वाटायचं, आपण आपुलकी दाखवतोय. त्याने कॅन्टीनला यायचं सोडलं. पुढे कळलं, त्याला एवढंच हवं होतं की कागदपत्रांसाठी कचेरीत जाताना मराठी बोलणारं कुणीतरी सोबत असावं. आम्ही ते विचारलंच नाही."

यावर कुणी काही बोलले नाही. जमलेली रक्कम ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी पाठवण्यात आली, आणि ती पाठवली हे योग्यच झाले. ती मुलगी पुण्याला परतण्यापूर्वी आजींकडे जाऊन आली. काय बोलणे झाले ते तिने आम्हांला सांगितले नाही. आजींनी मात्र नंतर एकदा आपणहून सांगितले की माडीवरची खोली त्यांनी झाडून घेतली आहे, कुणी येणार असेल तर आठवडाभर आधी कळवा, कारण गाद्या उन्हात घालाव्या लागतील.